आबांची नाडी आणि नगरचा डॉक्टर

आबांना ताटातली भाकरी चाचपून शोधावी लागायला लागली, तेव्हा मी ठरवलं, आता नगरला न्यायचंच. माझ्या वडलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आमच्या निजामी मुलखात गेवराईला हकीमसाहेब आहेत. औषध फुकट, बाटली तेवढी घरून न्यायची. पण माणूस खरं बोलला, "ये मेरे बस का नहीं, पाटील. अंग्रेजी मुलुख में जाव."

आबा भडकले. "सरकार बदललं की डोळे बदलत्येत का बे?"

तलवाड्याहून नगर बैलगाडीनं चार दिवस. जाणाऱ्यांनी कडबा घरूनच घ्यावा आणि निजामी रुपये सरहद्दीच्या अलीकडेच मोडून इंग्रजी करावेत. पलीकडे आपला रुपया कुणी हातात धरत नाही. सरहद्दीच्या नाक्यावर, डॉक्टरसाठी नेलेलं तुपाचं मडकं कारकुनानं उघडलं. बोट बुडवलं, चाखलं, पुन्हा चाखलं.

"महसूल किती?" मी विचारलं.

"हो गया," तो मिशा पुसत म्हणाला.

नगरचा डॉक्टर मोठा झटपट. कापायचे पाच रुपये, खाटेचे रोजचे दोन आणे, जेवण ज्याचं त्यानं. पापणी वर केली, दिवा दाखवला, म्हणाला, "उजवा डोळा उद्या कापू."

आबा ताडकन उठले. "नाडी न्हाई धरली! नाडी न धरता डोळ्याला सुरी लावतो? आमचा हकीम फुकटात दोन्ही मनगटं धरतो. चल, गाडी जुप!"

माझं डोकंच फिरलं. चार दिवस हाडं खिळखिळी करून आलो ते यासाठी? "आबा, आता परत गेलात तर कायमचा अंधार!" मी ओरडलो.

"असू दे अंधार."

शेवटी मी डॉक्टरपुढं हात जोडले. तो हसला नाही. आबांचं मनगट धरून चांगला मिनिटभर उभा राहिला.

"काय म्हनती नाडी?" आबांनी विचारलं.

"लई हट्टी आहे."

"बराबर," आबा म्हणाले आणि आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी उजवा डोळा कापला. मग दहा दिवस डोळ्यावर पट्टी, डोकं हलवायचं नाही. तोंडाला मात्र बंदी नव्हती. निजामीत औषध कसं फुकट मिळतं, हे आबांनी अख्ख्या दालनाला ऐकवलं.

"मग इकडं कशाला आलात?" कंपाउंडर वैतागला.

"बैलं हिंडवायला."

पट्टी सुटली, जाड भिंगांचा चष्मा चढला. त्याचे पैसे वेगळे, हे जाणाऱ्यांनी धरून चालावं. आबांनी मला न्याहाळलं. "लई काळा पडलास," एवढंच म्हणाले. मी भिंतीकडं तोंड करून डोळे पुसले.

घरी माय दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. आबा पाच वर्षांनी तिला नीट बघत होते. तेवढ्या काळात तिचे केस पार पांढरे झाले होते. गाडीतून उतरताना आबा थबकले.

"हे कवा झालं?"

माय पदर पुढं ओढत म्हणाली, "तुमी बगत न्हवता तवा."

आबा उतरले. आम्हा सगळ्यांच्या देखत त्यांनी तिचा पदर मागं सारला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले. "बगू दे मला."