अर्जात आलेल्या आंब्याच्या करंड्या

बी. ए. होऊन वर्ष झालं तरी मी रत्नागिरीत घरीच होतो. तेवढ्यात मुंबईच्या एका माल पाठवणाऱ्या कचेरीत कारकुनाची जागा निघाली. पावसाळ्यात आगबोटी बंद होत. त्याआधी बोलावणं आलं नाही, तर जागा दुसऱ्याची.

रिवाजाप्रमाणे मी अर्ज केला: आजोबा सरकारी नोकर, वडील लवकर वारले, आई थकलेली, बहीण लग्नाची, तरी कृपा व्हावी. शिक्षण शेवटच्या ओळीत. इंग्रजी मजकूर मराठीत करून घरी वाचून दाखवला.

"झकास! साहेबाला रडू फुटलं पाहिजे," थोरला भाऊ म्हणाला.

वहिनी पडवीत आमसुलं पसरत होती. "भावोजी, त्यांना कारकून हवाय की सोयरीक जुळवायचीय?"

"मग काय लिहू? नोकरी कुठे केलीय मी?"

"अगबाई! दर वैशाखात अख्ख्या वाडीच्या करंड्या आगबोटीवर कोण चढवतं? मी?"

"ते घरचं काम, वहिनी. लोक हसतील."

"हसले तर हसले. रडवण्यापेक्षा बरं."

शेजाऱ्यांसाठी केलेलं बोलून दाखवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ती मी अर्जातही पाळली होती. आज इतक्या वर्षांनी माझ्याकडे कुणी अर्ज दाखवायला आणला, की मी आधी विचारतो, "घरी तुझ्यावाचून काय अडतं?"

त्या दिवशी मी नवा कागद घेतला. कुणाच्या करंड्या कोणत्या व्यापाऱ्याकडे जातात याची यादी ठेवतो, किनाऱ्यावरून आगबोटीपर्यंत माल नेणाऱ्या पडावाला उशीर झाला तर माल सावलीत हलवतो, मुंबईची पोच घरोघर कळवतो, असं एकेक लिहीत गेलो. बहिणीचं लग्न खोडलं. आईची ओळ खोडताना हात अडला, पण खोडली.

"हा अर्ज की हमालाची कैफियत?" भाऊ म्हणाला. तरी टपालात त्यानेच टाकला.

बोलावणं आलं आणि शेवटच्या बोटींपैकी एकीने मी मुंबई गाठली. कचेरीतल्या वयस्कर साहेबांनी घराणं विचारलंच नाही.

"पडाव भरला, काही करंड्या किनाऱ्यावर राहणार. कुणाच्या ठेवाल?"

"ज्यांचे आंबे जास्त कच्चे, त्यांच्या. पुढच्या बोटीपर्यंत टिकतात. आणि लगेच त्यांच्या घरी जाऊन सांगेन."

"शिव्या खायला?"

"हो. दर वर्षी खातो."

साहेब खळखळून हसले आणि सोमवारपासून या म्हणाले.

बाहेर पडल्यावर पहिलं काम केलं ते कार्ड टाकण्याचं. भावाला लिहिलं, 'जागा मिळाली. वहिनीला सांग, साहेब हसले.'