काठमांडूतलं मेहकर

खालाच्या हातात आपला हात गेला की तो लवकर परत मिळत नसे. देऊळघाटची ही बांगडीवाली. हिंदू असो की मुसलमान, सगळं गाव तिला खालाच म्हणायचं. कुणीही हात पुढे केला की ती तो दाबून बघायची आणि बांगडीचं माप जाहीर करायची. मी बुलडाण्याच्या एका महिला संस्थेत होते. कामासाठी पहिल्यांदा तिच्याकडे गेले आणि नाव सांगितलं, तर म्हणाली, "सव्वादोन. हात नरम हाय. भांडे घासत नाही वाटते."

आपल्या हातून बांगडी कधी वाढत नाही, असा तिचा दावा होता. फुटली म्हणायचं नाही, अशुभ, वाढली म्हणायचं. "वाढली तं पेटी इकून बकऱ्या घेईन," असं ती चारचौघांत सांगायची. भरताना मधूनच 'टच्' असा आवाज यायचा खरा, पण नेमका त्याच वेळी खालाला जोराचा खोकला लागायचा. बकऱ्या काही तिने घेतल्या नाहीत.

लग्नाचा चुडा भरायचं बोलावणं आलं की ती आधी नवरीचं वय विचारायची. अठरा पूर्ण नसतील तर पेटी बंद. "माह्या लग्नात मले सगळ्यात लहान मापबी ढिल्लं होत होतं," एवढंच कारण ती सांगायची आणि विषय बदलायची. गावातल्या एका नववीतल्या मुलीचं लग्न तिने असंच अडवलं. घरच्यांनी मुलीला मेहकरला मामाकडे नेलं, तिथल्या कासारणीकडून चुडा भरला आणि लग्न उरकलं. खाला बरेच दिवस धुसफुसत होती. मग तिने मेहकरची बस धरली आणि त्या कासारणीशी भांडून, चहा पिऊन, पुन्हा भांडून तिला राजी केलं. तिथून बीबीला. तिथे तिची धाकटी बहीण हाच धंदा करायची. तिघींचं ठरलं, एकीनं नाही म्हटलं की तिघींचं नाही.

हे ऐकून संस्थेने तिला माझ्याबरोबर काठमांडूला पाठवलं. नेपाळ, भूतान, मालदीव, श्रीलंका अशा लहान देशांनी मिळून बालविवाह कसे थांबवायचे, यावर तिथे बैठक होती, आम्ही पाहुण्या. खालाने पेटी घेतलीच. पहिल्या चहापर्यंत भूतानच्या अधिकारीबाई अडीचच्या निघाल्या होत्या आणि मालदीवच्या बाईंना तिने 'समुद्रवाली' करून टाकलं होतं. मग नेपाळच्या एक बाई हिंदीत म्हणाल्या, "आम्ही लग्न थांबवतो, तर लोक मुलीला सीमेपलीकडे नेऊन तिचं लग्न लावतात."

खाला ताडकन उठली. "अवं, हे तं आपलं मेहकरच हाय! एका देशानं नाही म्हटलं तं बाजूवाल्याचं फावते. साऱ्यायनं मिळून नाही म्हना. त्याच्यात काय कठीन हाय?"

मी भाषांतर केलं. टाळ्या पडल्या, एक समिती नेमली गेली आणि जेवणाची सुट्टी झाली. खाला गावी परतली ती परराष्ट्रमंत्री होऊनच. बसमध्ये खिडकीची जागाही ती त्याच अधिकाराने मागायची.

थोड्याच दिवसांनी बीबीहून बहिणीचा फोन आला. मी समोरच बसले होते. बहिणीच्या नातीचं, नाझनीनचं, लग्न ठरलं होतं. पोरगी दहावीत. स्थळ चांगलं होतं, आणि घराण्यातल्या पोरींचा चुडा खालानेच भरायचा हा रिवाज. खालाने वयाचा विषय काढला तसा पलीकडून धाकटीचा आवाज आला, "बाजी, घरचं लग्नबी त्याच्यात येते काय?"

खालाने हातातल्या बांगड्या पेटीत ठेवल्या आणि पेटी बंद केली. मग म्हणाली, "येते."

फोन ठेवून ती माझ्यावरच खेकसली, "पाहून काय राह्यली? परदेशात टाळ्या घेतल्या ना म्या!"

मेहकरच्या कासारणीनेही नकार दिला. राहता राहिली बहीण. तिला स्वतःला चुडा भरता आला असता. ती पेटी उघडून बसलीही म्हणे, पण शब्द तिनेही दिलेला होता. तिने पेटी मिटली, लग्न मोडलं आणि खालाशी बोलणं टाकलं.

दर ईदला खाला शिरखुर्म्याचा डबा बीबीला पाठवायची. डबा घासूनपुसून परत यायचा, सोबत निरोप नसायचा. "खाऊन घेते, बोलत नाही," असं म्हणून ती हसायची, पण त्या दिवशी कुणाचं माप सांगायची नाही. पुढे खाला गेली, तोवर बोलणं सुरू झालेलं नव्हतं. मला याचं अजून फार वाईट वाटतं.

यंदा नाझनीनचं लग्न झालं. ती आता नर्स आहे, नवराही तिच्याच पसंतीचा. बहिणीने मला आणि मेहकरच्या कासारणीला आग्रहाने बोलावलं होतं. चुडा भरायला ती स्वतः बसली. नातीचा हात तिने दाबून पाहिला, बराच वेळ तसाच धरून ठेवला. दुसऱ्या की तिसऱ्या बांगडीला 'टच्' असा आवाज आला.

बहिणीचे डोळे भरून आले. "वाढली," ती म्हणाली. "बाजी असती तं वाढली नसती."

मला जोराचा खोकला लागला. माझ्यापाठोपाठ मेहकरच्या कासारणीलाही.