झोरायदाची दुसरी खुर्ची

आमच्या क्रूसेस गावात ओसरीवरच्या झुलत्या खुर्च्या जोडीनं असतात. एकच दिसली, तर येणारा-जाणारा विचारतो की दुसरीचं काय झालं. रेम्बेर्तोच्या ओसरीवर कितीतरी वर्षं एकच होती. दुसरी वाळवीनं खाल्ली. उरलेल्या एकीत त्याची बायको झोरायदा बसायची, आणि तिच्या शेजारी नवऱ्याऐवजी कुंडी असायची. नवरा बोळात असायचा.

मी समोरच राहते. मला सगळं दिसतं, आणि जे दिसत नाही ते झोरायदा कॉफी प्यायला येऊन सांगते.

रेम्बेर्तो साखर कारखान्यात फिटर होता. कारखाना बंद पडल्यावर त्यानं घराशेजारच्या बोळावर पत्रे टाकले आणि सुतारकाम मांडलं. क्यूबात यंत्रं विकत मिळत नाहीत याचं त्याला दुःख नव्हतं. मिळाली असती तर त्याचा वेळ कसा गेला असता? झोरायदाच्या जुन्या रशियन वॉशिंग मशीनची मोटर काढून त्यानं करवत बनवली. शनिवारी कपडे असायचे, तेव्हा मोटर परत मशीनला. हे सारखं काढणं-घालणं नको म्हणून त्यानं सरकती बैठक केली. एक खुंटी उपसली की मोटर करवत सोडून धुण्याला लागते. गल्लीतले सगळे पुरुष ती बैठक बघून गेले. आम्ही बायकांनी झोरायदाच्या चादरींवरचा भुसा बघितला.

"दुसरी खुर्ची करतोय," असं तो पहिल्यापासून सांगत होता. पण खुर्चीच्या खालच्या कमानी एकसारख्या वाकायला हव्यात, म्हणून आधी साचा. साच्यावर पट्ट्या दाबून धरायला शिकंजे हवेत, म्हणून सायकलच्या ट्यूब कापून शिकंजे. शिकंजे टांगायला फळी, फळीखाली खिळ्यांसाठी खण, खण सरळ कापायला आणखी एक साचा. पाडलेल्या शाळेची दारं त्यानं खुर्चीसाठी आणून ठेवली होती. ती या सगळ्यात कधी संपली ते त्यालाही कळलं नाही. मला तर रागच यायचा. एवढे हुशार हात, आणि बायकोशेजारी कुंडी.

"रेम्बेर्तो, खुर्ची कुठवर आली?" मी एकदा मुद्दाम विचारलं.

"साचा बघितलास का आधी? असा साचा सिएनफ्वेगोस शहरातसुद्धा नाही."

"साच्यावर बसता येतं का?"

"तुला आणि तिला एकाच शाळेत शिकवलंय," तो म्हणाला आणि पुन्हा रंधा मारायला लागला.

एप्रिलमध्ये झोरायदानं निकाल लावला. मे महिन्यातल्या मातृदिनाच्या रविवारी मुलगी सांता क्लाराहून केक घेऊन यायची होती. झोरायदा बोळाच्या दारात उभी राहिली. मी माझ्या ओसरीवरून ऐकत होते. त्यासाठी कान लावावे लागले नाहीत.

"म्हाताऱ्या, त्या रविवारी ओसरीवर दोन खुर्च्या दिसल्या नाहीत, तर मोटर माझी. कायमची."

"आणि करवत कशावर चालवू?"

"पायानं चालव."

रेम्बेर्तोचा चेहरा उतरला. ती मोटर गेली तर बोळात नुसते खण आणि खुंट्या उरणार होत्या. तो त्याच दिवशी लाकूड शोधायला निघाला. गावात लाकूड कुठलं? तो रिकाम्या हातानं परत यायचा आणि शिकंज्यांच्या फळीकडे बघत बसायचा.

रविवार जवळ आला, तशी झोरायदा बोळ झाडायला गेली. मीही गेले होते, माझं स्टूल दुरुस्तीला टाकून बरेच दिवस झाले होते. कमानींचा तो साचा जमिनीवर उलटा पडला होता: बाभळीसारख्या कठीण लाकडाच्या दोन जाड कमानी, मध्ये आडव्या दांड्या. झोरायदाचा झाडू त्याला लागला. साचा पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला.

आम्ही तिघंही, कोपऱ्यात बसलेला रेम्बेर्तोसुद्धा, बघत राहिलो.

"ही काय खुर्चीच आहे," झोरायदा म्हणाली. "वर चार पाय आणि पाठ लाव, झालं."

"अगं, साचा आहे तो. त्यावर मी शंभर खुर्च्या करीन."

"शंभर कुणी मागितल्यात? मला एक हवी आहे."

मग त्यानं भिंतीवरची शिकंज्यांची फळी उतरवली, इतक्या हळू, की मला वाईट वाटलं. तिचे पाय झाले. खणांची पाठ आणि बैठक झाली. मोजपट्ट्यांचे हात झाले, त्यांवर त्यानंच आखलेल्या इंचांच्या खुणा तशाच राहिल्या. रविवारी मुलगी केक घेऊन आली, तेव्हा ओसरीवर जोडी होती आणि रंग अजून हाताला लागत होता.

पण सोमवारी संध्याकाळी तो पुन्हा बोळात. उघड्या पडलेल्या भिंतीवर नवीन काय करायचं याची मापं घेत होता. नवी खुर्ची रिकामी होती. मला वाटलं, हरली बिचारी. खुर्ची तिला स्वतःसाठी थोडीच हवी होती?

आमच्याकडे झुलती खुर्ची रिकामी हलू देत नाहीत. हलली तर घरातलं माणूस जातं म्हणतात; उठताना सगळे हातानं थांबवून उठतात. रेम्बेर्तो या बाबतीत माझ्या आजीपेक्षा भित्रा.

झोरायदानं रस्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग चप्पल काढून पायाच्या अंगठ्यानं नव्या खुर्चीला हलकेच ढकललं.

"रेम्बेर्तो," तिनं हाक मारली, "तुझी खुर्ची रिकामी हलतेय."

तो कानावर पेन्सिल घेऊन धावतच आला आणि धपकन बसला.

"वारा आहे," झोरायदा म्हणाली. "आता उठू नकोस."