अध्यक्षांच्या घरातल्या खिडक्या

गिलेन लग्न होऊन नदीतल्या ओर्लेआं बेटावरच्या त्या जुन्या दगडी घरात आली, तेव्हा नवऱ्याने तिला आधी खिडक्यांची ओळख करून दिली. सासूची नंतर. रोझेर तिव्हिएर्ज शाळेत इतिहास शिकवायचा. पुढे तो बेटाच्या वारसा मंडळाचा अध्यक्ष झाला आणि खिडक्यांचं भाग्य उजळलं. गिलेनचं तेवढं राहून गेलं.

जानेवारीत नदी गोठली की तिच्यावरचा वारा सरळ जेवणाच्या टेबलाशी येऊन बसायचा. गिलेन कानटोपी घालून सूप वाढायची. खिडक्या बंद, तरी पडदे हलायचे.

"घर श्वास घेतंय," रोझेर कौतुकाने म्हणायचा.

"घेऊ दे की. पण माझ्या मानेवर कशाला सोडतंय?"

"तुला सौंदर्यदृष्टीच नाही, गिलेन."

"दृष्टी आहे रे. चष्म्यावर दव साचलंय."

अशी वर्षं गेली. मग एका नोव्हेंबरात 'जुन्या खिडक्यांचा आत्मा' या विषयावर बोलायला रोझेर आठवडाभर मॉन्ट्रियलला गेला. आत्मा तिथे पोचतो न पोचतो, तोच गिलेनने नॉर्मांद सुताराला बोलावलं. त्याने उन्हाळ्यातच गुपचूप नव्या खिडक्या करून ठेवल्या होत्या. लाकूड तेच, घडण तीच, फक्त काच दुहेरी आणि फटी गायब. मंडळाची परवानगी उपाध्यक्षबाईंनी हसत दिली होती. कानटोपी त्यांच्याही घरी होती.

रोझेर परतला आणि दारातच थबकला. "हा खून आहे!"

"हो. प्रेतं मागच्या शेडमध्ये ठेवलीत. भेटून ये."

तो खरंच गेला, आणि निषेध म्हणून जुन्या चौकटींशेजारी खुर्ची टाकून बसला. गिलेनने समजूत काढायला कोणालाही धाडलं नाही. वाटाण्याचं सूप केलं आणि बिनबाह्यांचा झगा घालून निवांत जेवायला बसली. अंधार पडता पडता अध्यक्ष आत आले. दोन वाट्या सूप प्याले. मग स्वेटर काढला. मग आतला दुसराही.

वसंतात मंडळाची सभा भरली. रोझेर गहिवरून म्हणाला, "बायकोच्या तब्येतीसाठी मी काळजावर दगड ठेवून खिडक्या बदलल्या. वारसा जपायचा म्हणजे त्याग आलाच!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारीण गिलेनच्या कानाशी लागली, "काय गं, केवढा जीव लावतो तुला!"

"हो ना. मलाही आत्ताच कळलं," गिलेन म्हणाली, आणि तिनेही टाळ्या वाजवल्या. त्या वर्षी तिच्या हातांना थंडीच्या भेगा नव्हत्या, त्यामुळे टाळ्या चांगल्या जोरात वाजल्या.