कचरा परत मिळेल का?

टोकियोत रस्त्यावर कचऱ्याचे डबे नसतात, हे मी सासू-सासऱ्यांना विमानतळावरच सांगून टाकलं होतं. आपला कचरा आपण घरी आणायचा. पाच वर्षं इथल्या निशी-कसाई भागात राहून मला दुसरं काही आलं नसेल, पण कचरा येतो! जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या वेगळ्या, त्यांची झाकणं वेगळी. आमच्या बिल्डिंगमधल्या नव्या मराठी बायकांचा क्लास मीच घेते. (कुणी सांगितलेलं नसताना.)

तर शनिवारी टोकियो दर्शन. नवऱ्याला नेमकं त्याच दिवशी ऑफिसचं काम निघालं. (ते कसं निघतं, मला माहीत आहे.) म्हणजे आई, बाबा, आठ वर्षांची आमची इरा आणि माझ्या यादीतली अकरा ठिकाणं, सगळं माझ्या गळ्यात! त्यात रविवारी आमच्या मराठी मंडळात बाबांचं भाषण. बाबा निवृत्त मुख्याध्यापक. पुण्याहून निघायच्या आधीपासून आरशासमोर उभे राहून पाठ करत होते.

चौथ्या ठिकाणीच माझ्या पायांचे तुकडे पडले. उएनोच्या बागेत बाकावर बसून पराठे, चिवडा, संत्री, चहा झाला आणि मी लगेच सगळं पिशवीत गोळा केलं.

"अगं अनघा, समोरच्या दुकानात डबा दिसतोय," आई म्हणाल्या.

"तो त्यांच्या गिऱ्हाइकांसाठी, आई. घरचा कचरा तिथे टाकायचा नसतो!"

"मग हे दिवसभर घेऊन फिरायचं?"

"जपानमध्ये सगळे फिरतात."

"जपानमध्ये सगळे पराठे बांधून आणत नाहीत," बाबा पुटपुटले. त्यांचे शब्द जरा फुसफुसत होते, पण एवढं कोण लक्ष देतंय!

पाचवं झालं, सहावं झालं. पिशवीतून संत्र्यांचा वास यायला लागला. सातव्या ठिकाणी आई पायरीवर बसल्या त्या बसल्याच. "मला इथेच राहू दे. बाकीचं बघून झालं की घेऊन जा." मी यादीची घडी घातली आणि सगळ्यांना घेऊन घरची गाडी पकडली. पिशवी वरच्या फळीवर ठेवली. निशी-कसाईला उतरलो, दारं बंद झाली, गाडी गेली.

"आई, कचरा राहिला!" इरा ओरडली.

खरं तर मला लाज वाटायला हवी होती. पण इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! त्या आनंदात मी आपल्या भारतीय दुकानातून सगळ्यांना गरम सामोसे घेतले. बाबांनी सामोसा हातात धरून शर्टाचा खिसा चाचपला. मग पँटचा.

"अनघा, माझी कवळी?"

"तोंडात असेल ना, बाबा!"

"शेंगदाणा अडकला म्हणून बागेत काढली होती. टिश्यूत गुंडाळून बाकावर ठेवली."

तो टिश्यू मीच उचलला होता. संत्र्याच्या सालांवर दाबून बसवला होता!

बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं. सामोसा कागदात परत ठेवत एवढंच म्हणाले, "उद्याचं भाषण रद्द झालं म्हणून कळव." मला रडूच कोसळलं.

धावत स्टेशनाच्या ऑफिसात गेलो. माझं जपानी कचऱ्याच्या पाट्यांपुरतं, त्यामुळे बोलायला इरा.

"पिशवीत सामान होतं म्हणून सांग," मी हळूच म्हटलं.

"गोमी," इराने सांगून टाकलं. म्हणजे कचरा! कर्मचाऱ्याचं पेन थांबलं. त्याने अदबीने काहीतरी विचारलं.

"आई, ते विचारतायत, कचरा परत हवाय का?"

"हो म्हण!"

"मग कुठला कचरा, ते लिहायचंय."

संत्र्याची सालं, चहाचे चार कप, पराठ्यांचं फॉइल... मी सांगत गेले, तो लिहीत गेला. "आणि आजोबांचे दात!" इराने खणखणीत जपानीत भर घातली. मागच्या रांगेतलं कुणीही वळून बघितलं नाही. जपानी माणसं तसं करत नाहीत. ती फक्त आणखी ताठ उभी राहिली.

फोनाफोनी झाली. पिशवी शेवटच्या स्टेशनावर सापडली होती! ते दुखरे पाय घेऊन पुन्हा सगळे निघालो. तिथे पांढरे हातमोजे घातलेल्या माणसाने ट्रे पुढे ठेवला. सालीवर साल रचलेली, चार कप एकात एक, फॉइलची चौकोनी घडी. आणि बाजूला वेगळ्या पारदर्शक पिशवीत, चिठ्ठी लावून, बाबांची कवळी! बाबा नळावर जाऊन आले आणि स्वच्छ शब्दांत म्हणाले, "अरिगातो!" आईंनी डोळ्यांना पदर लावला. मी तर मघापासून रडतच होते.

निघणार, तेवढ्यात त्या माणसाने थांबवलं. कचरा पुन्हा पिशवीत भरला, गाठ मारली आणि कमरेत वाकून, दोन्ही हातांनी माझ्या स्वाधीन केला. वर सही घेतली.

रविवारी बाबांनी पाठ केलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि पाऊण तास त्या ऑफिसवरच बोलले. "सुनेनं सात ठिकाणं दाखवली, ती विसरलो. आठवं मात्र जन्मात विसरणार नाही!" टाळ्यांचा कडकडाट. मी शेवटच्या रांगेत खुर्चीत रुतून बसले होते.

सोमवारी लिफ्टमध्ये माझ्या क्लासमधली एक नवी मुलगी भेटली. "ताई, कचऱ्याबद्दल एक विचारू?"

"विचार की!" मी खूश.

"जळणारा, न जळणारा सगळं कळलं. पण टाकलेला परत हवा असेल, तर कुठे जायचं?"

काय करणार? मी स्टेशनाचं नाव सांगितलं.