डाळ शिजून राहिली

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. ज्या वाक्यावर अमरावतीतले लोक पोट धरून हसायचे, ते वाक्य माझ्या मायचं होतं.

"तुला अभिनय कशाला करायचाय? तू तसाच तर आहेस. नुसता उभा राहा."

तालमीत सर सगळ्यांसमोर म्हणाले. सर म्हणजे आमच्या पथनाट्याचे दिग्दर्शक. सगळे हसले. मीही हसलो.

नाटक झोपड्या पाडण्याविरुद्ध होतं, माझं काम झोपडीवाल्याचं. आमचं अकोल्यातलं घर असंच पाडलं होतं. जेसीबी दारात आला तेव्हा माय हात जोडून म्हणाली होती, "थांबा ना जराक सायेब, डाळ शिजून राहिली." सरांना जवळचं मानून मी हे सांगितलं. सर उडालेच. "अरे, हे घ्यायचंच! फक्त आणखी गावठी कर."

केलं. मायचंच जुनं लुगडं नेसून, हातात पळी, कंबर हलवत. चौकाचौकात हशा. पुढे पुढे मी त्या हशाची वाट बघायला लागलो.

मग महापालिकेची निवडणूक लागली. जो नगरसेवक त्या दिवशी जेसीबीशेजारी उभा होता, त्याच्याच अकोल्यातल्या सभेत सरांनी नाटक लावलं. शेवट बदलला. नेता येतो, घर देतो. मी नवा शेवट पाठ केला. माय शेजारणींना घेऊन पुढेच बसलेली. पोराचं नाटक ना. मी कंबर हलवली, वाक्य म्हटलं. नगरसेवकाने मांडीवर थाप मारली. माय मागे वळून वळून बघत होती, कोण कोण हसतंय.

नंतर ती स्टेजमागे आली.

"बापू, डाळ खरंच शिजून राहिली होती ना रे. हासले काहून लोकं?"

सर मध्येच म्हणाले, "पुढच्या सभेत आईंनाच आणू. धमाल येईल!"

"सर, हे वाक्य आता नाही म्हणायचं."

"का? तुझ्या बापाचं आहे का?"

"नाही. माह्या मायचं हाय."

सरांशी पहिल्यांदाच घरच्या बोलीत बोललो. लुगडं सोडलं, मायच्या हातात दिलं. निघालो.

नाटक अजून चालू आहे. वाक्य दुसरा कोणी म्हणतो. यंदा तोच नगरसेवक पुन्हा उभा आहे. त्याच्या सभेसमोर मी तेच वाक्य म्हणणार आहे, कंबर न हलवता. आणि जेसीबीशेजारी कोण उभं होतं, ते नाव घेऊन सांगणार आहे.

पण आधी मायकडे जायचं आहे. आता तिच्याकडे गॅस आहे, तरी डाळ शिजेपर्यंत ती ओट्यापासून हलत नाही. तिने विचारलं होतं, लोक काहून हसले. मी हसवलं म्हणून. एवढं उत्तर मी तिला देणं लागतो.