सारे वांगे दिनकरभाऊच्या नावानं

हो, घेतली हार्ड डिस्क. अन् मीच जाऊन घेतली, कोणाले पाठवलं नाही. म्हाताऱ्या बाईले कायले पाहिजे म्हणान तर पाहिजे... सोन्याची पोत घेतली असती तर कोणी तोंड वाकडं केलं नसतं.

झालं असं का, आमचा कॉम्प्युटर चार दिवसांपासून कट-कट वाजून राह्यला होता. लेक फोनवर म्हणे, "आई, आतली डिस्क चालली. बाहेरून लावायची मिळते, ते घे अन् सारं तिच्यात कॉपी करून ठेव. नाहीतर बाबाचं सारं जाईन."

बाबाचं सारं म्हणजे काय... तर वांगे. मंगरूळच्या अलीकडं आमचा भाजीपाल्याचा मळा हाये, मळ्यातच घर. आमचे मालक रोज सकाळी मोबाईलवर वांग्याचे फोटो काढत अन् दुपारी कॉम्प्युटरमधी टाकत. फूल लागलं, फोटो. अळी पडली, फोटो.

हजारो फोटो हायेत... अन् एकात बी ते नाहीत. काढणारा कसा दिसन? पण थोडे व्हिडिओ हायेत, त्यात त्याइचा आवाज हाये. "हे पाय वं, पयलं फूल..." मलेच दाखवून राह्यले. दोन वर्सं झाले त्याइले जाऊन. तो आवाज दुसरीकडं कुठीच नाही.

म्हणून सीपीयूचा डब्बा जुन्या लुगड्यात बांधला, आटोत मांडीवर घेतला अन् गेली मंगरूळले. दुकानात एक पोरगी होती, हुशार. तिनं नवी डिस्क जोडली, कॉपी सुरू केली. मग म्हणते, "काकू, डिस्कले नाव काय देऊ?"

म्या म्हटलं, "कावं, डिस्कचं बारसं करतं का?"

हसली. "नाव असलं म्हणजे सापडते काकू. काकांचंच देऊ. काय नाव काकांचं?"

झाली पंचाईत. मी नाव घेत नाही. लग्नात घेतलं तेवढंच, ते बी उखाण्यात. बँकेत, दवाखान्यात, राशनच्या दुकानात... मी आपला कागद पुढं करते, वाचा म्हणते.

ते स्वतः कधी कधी म्हणत, "एक डाव घे न वं नाव. उखाणा नको, सरळ हाक मार. पाहू दे कसं लागते आयकायले." मी म्हणायची, "कामं नाहीत का तुमाले?" अन् उठून जायची.

तर त्या पोरीले म्या म्हटलं, "रोज सकाळी निघते न आभाळात, उजेड करते... तेच." ती म्हणे, "समजलं काकू," अन् टाइप करून मोकळी.

घरी आली. डिस्क लावली तर स्क्रीनवर नाव आलं. माही इंग्रजी सातवीतली, एक-एक अक्षर जुळवत बसली. डी... आय... एन... के...

दिनकर!

आता दिनकर कोण? धुऱ्यापलीकडचे दिनकरभाऊ. आमचं वावर अन् त्याइचं वावर, मधात एक धुरा. त्याच धुऱ्यावरून आमचे मालक अन् ते वीस वर्सं भांडले, हातभर मातीसाठी. अन् आता सारे वांगे त्याच माणसाच्या नावानं! हे मालकाइनं पाह्यलं असतं न, तर दोन दिवस जेवले नसते.

बिलावर नंबर होता, लावला दुकानातल्या पोरीले फोन. घरात रेंज नाही, म्हणून कागद-पेन घेऊन आंगणात आली. म्या म्हटलं, "बाई, तो नाही. दुसरा."

"दुसरा सूर्य कोणता काकू?"

मग तिनंच सुरू केलं. "भास्कर? प्रभाकर? रवी?" साऱ्या तालुक्याचे नवरे गोळा केले तिनं, माहाच तेवढा राह्यला. शेवटी म्हणे, "काकू, तुमी एक डाव नाव सांगा, मी त्याचे इंग्रजी अक्षरं सांगते. राइट क्लिक करा, रिनेम करा, झालं."

एक डाव... मालक बी हेच म्हणत.

म्या हळूच सांगतलं. ओठात.

"आयकू नाही येऊन राह्यलं काकू. मोठ्यानं!"

पुन्हा सांगतलं. पुन्हा तेच, मोठ्यानं काकू, मोठ्यानं. मग माहं डोकं सरकलं. आंगणात उभी राहून जोरात ओरडली, "सूर्यभान! अवं, सूर्यभान!"

धुऱ्यापलीकडं दिनकरभाऊ तुरीत वाकून खुरपून राह्यले होते. ते उभे झाले. माह्याकडं नाही पाह्यलं त्याइनं... मालक फटफटी घेऊन ज्या वाटेनं यायचे, त्या वाटेकडं पाह्यलं.

अन् म्या बी पाह्यलं.

इतकी वर्सं माहा माणूस ते नाव मांगत राह्यला, अन् म्या दिलं कोणाले... तर त्या दुकानातल्या पोरीले. तिनं अक्षरं सांगतले, म्या लिहून घेतले, आत जाऊन टाइप केले. नाव बदललं.

डिस्क आता गव्हाच्या कोठीत हाये, कपड्यात गुंडाळून. महिन्यातून एक डाव लावायची म्हणे, लावीन. व्हिडिओ पाह्यला का, मग काय वाटलं, दिनकरभाऊ काही बोलले का... कोणी इचारू नका. मी सांगणार नाही.